गावात बसून डोक्याची पट्टी काढताना: चित्रं, भावना आणि ईईजी

मानसशास्त्र किंवा न्यूरोसायन्स शिकणारी नागपूर-अमरावतीकडची मुलं हल्ली विचारतात, की चित्र पाहताना माणसाच्या मेंदूत काय होतं हे आपल्याच गावाकडे जाऊन मोजता येईल का. येतं. त्यासाठी एमआरआयची खोली लागत नाही. ईईजी म्हणजे डोक्यावरून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपण्याची पद्धत. तिचा एक लहानसा ॲम्प्लिफायर (बारीक वीज मोठी करणारं यंत्र), इलेक्ट्रोड बसवलेली टोपी, जेल, दोन लॅपटॉप आणि गावानं दिलेली एक शांत खोली, एवढ्यावर काम होतं. मी काही वर्षांपासून यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांमध्ये हे करते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला कोणी सांगायला हवं होतं असं मला जे वाटतं, ते इथे क्रमानं लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते. या अभ्यासाचं भवितव्य दोन जागी ठरतं: चित्रं निवडताना आणि जेल डोक्याच्या कातडीपर्यंत पोचवताना. संगणकावरचं गणित चुकलं तर ते शंभरदा पुन्हा करता येतं. चित्र चुकलं किंवा टोपी नीट बसली नाही, तर त्या माणसाची ती सकाळ गेली ती गेली.

आधी समजून घ्या, आपण मोजतो काय

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरनं १९२४ साली येना शहरात माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते काम छापलं. तत्त्व आजही तेच आहे. मेंदूच्या वरच्या थरातल्या लाखो पेशी एका वेळी हलक्याशा विद्युतभारित होतात, त्याचा पुसटसा अंश कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येतो. टॉर्चचा एक सेल दीड व्होल्टचा असतो. आपण मोजतो ते मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. डोक्यावर ते दहा ते शंभरच्या घरात मिळतात, आणि चित्रामुळे पडणारा फरक त्यातला जेमतेम दोन-चार.

टिनावर पाऊस वाजत असताना कोणी हळूच दार ठोठावलं तर आत ऐकू येत नाही. पण तोच माणूस तीस वेळा ठोठावत असेल, आणि प्रत्येक वेळचा आवाज ठोठावण्याच्या क्षणाशी जुळवून एकावर एक ठेवला, तर पाऊस आपापसात कटून जातो आणि ठोठावणं वर येतं. सरासरीचं काम हेच. पंचवीस चित्रांची सरासरी घेतली की गोंगाट पाचपट कमी होतो, छत्तीस घेतली की सहापट. म्हणून एका चित्रावरून कोणाच्याच मनातलं काही सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नवख्यानं धरावी अशी लहर एकच: लेट पॉझिटिव्ह पोटेन्शियल, बोलताना एलपीपी. चित्र पडद्यावर आल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी ती टाळूच्या मागच्या भागात चढते आणि चित्र समोर असेपर्यंत टिकते. मनाला भिडणाऱ्या चित्राला ती साध्या चित्रापेक्षा मोठी येते. पण नीट लक्षात घ्या, आनंदाच्या चित्राला मोठी येते आणि भीतीच्या चित्रालाही मोठीच येते. चित्रानं माणसाला किती धरून ठेवलं एवढं ती सांगते. बरं वाटलं की वाईट, हे माणसालाच विचारावं लागतं. कपाळाच्या डाव्या-उजव्या बाजूच्या अल्फा लहरींच्या (सेकंदाला दहाच्या आसपास येणाऱ्या) फरकावरून आवड-नावड काढण्याची एक पद्धत आहे. तिच्यावर अजून वाद आहेत, निकाल अभ्यासागणिक बदलतात. पहिल्या अभ्यासात तिच्या वाटेला जाऊ नका.

परवानगी, आणि करंटचा प्रश्न

मानवी सहभागाच्या कोणत्याही अभ्यासाला आधी एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी लागते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना मुळातून वाचा. सहभागी निरक्षर असेल तर माहिती वाचून दाखवायची, अंगठा घ्यायचा, आणि त्या वेळी आपल्या गटातला नसलेला एक साक्षीदार हजर ठेवायचा. अठराच्या आतल्यांसाठी आई-वडिलांची संमती, आणि सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही. पहिला अभ्यास मोठ्या माणसांवरच करा.

सरपंचांचं पत्र म्हणजे संमती नव्हे. ते फक्त गावात बसण्याची परवानगी देतं. आशाताई मोठी मदत करतात, पण त्यांनी सांगितलं म्हणून कोणी नाइलाजानं आलेलं नाही ना, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारा. सकाळचा रोज बुडतो, त्याची भरपाई आधी ठरवून सांगा, आणि माणूस मध्येच उठून गेला तरी पूर्ण द्या.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच येतो: "डोक्यात करंट त नाई सोडत ना जी?" या प्रश्नाला हसू नका. शॉक देण्याच्या गोष्टी लोकांनी ऐकलेल्या असतात. मी सांगते, "छातीची पट्टी काढतेत ना, तशी ही डोक्याची पट्टी. यंत्र काहीच सोडत नाही, फक्त आयकते." ईसीजी बहुतेकांनी घरात कोणाचा तरी काढलेला पाहिलेला असतो, त्यामुळे हे लगेच पटतं. मग टोपी आधी मी स्वतः घालते, डोळे मिटते-उघडते आणि पडद्यावर उडणारी रेघ दाखवते.

दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो: यातून खोटं पकडतात का? टीव्हीवर ब्रेन मॅपिंग हा शब्द ऐकलेला असतो. आपलं काम ते नाही, आणि हेही सांगा की सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०१० च्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग माणसाच्या मर्जीविरुद्ध करायला मनाई केली आहे. हे ऐकून लोक मोकळे होतात. कोणी तरीही नको म्हणालं तर चहा पाजून निरोप द्या, पुन्हा विचारू नका.

चित्रांची निवड: इथेच थांबा, इथेच वेळ घाला

या विषयातला चित्रांचा जुना तयार संच म्हणजे फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग आणि सहकाऱ्यांनी तयार केलेला आयएपीएस. दुसरा ओएसिस, २०१७ मध्ये आलेला, नऊशे चित्रांचा आणि वापरायला खुला. चित्र पाहून काय आणि किती वाटलं याचे गुण दोन्हींना दिले ते मुख्यतः अमेरिकेतल्या लोकांनी. बर्फावरून घसरणारा माणूस तिकडे थरार असतो. आमच्या गावातल्या आजी म्हणाल्या, "हा कायले पडून राहिला?" मोजलेला आकडा बरोबर आला तरी तो वेगळ्याच प्रश्नाचा आला.

म्हणून गावाचा संच गावातच करावा लागतो. आनंदाची चित्रं शोधायला फार लांब जावं लागत नाही: फुटलेलं पांढरंशुभ्र बोंड, पोळ्याला झूल घातलेली जोडी, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारं पोरगं, पहिल्या पावसानं काळी झालेली जमीन, आजीच्या मांडीवरचं नातवंड. त्रासाची चित्रं: बोंड उकलल्यावर आत बसलेली गुलाबी अळी, गारपिटीनं झोपलेला हरभरा, फणा काढलेला नाग. पुण्याच्या एका विद्यार्थिनीला बोंडअळीचं चित्र दाखवलं तेव्हा तिनं "कसली अळी आहे?" म्हणून कुतूहलानं पाहिलं. कापूसवाल्यानं तेच चित्र पाहून मान वळवली.

वाघाचं चित्र तर जिल्ह्यागणिक बदलतं. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात टी-१ वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली जाईपर्यंत लोक शेतात एकटे जायला धजावत नव्हते. ताडोबाच्या कडेच्या गावांत आजही मोहफुलं वेचायला जाणारी बाई कान टवकारून असते. सफारीच्या जाहिरातीतला देखणा वाघ तिथे देखणा नसतो. तुमच्या गावात वाघ कोणत्या गटात बसतो, हे त्या गावाला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आता सगळ्यात अवघड गट, साधी चित्रं. ज्यांच्याकडे पाहून काहीच वाटू नये अशी. परदेशी संचांत टोपली, दिवा, खुर्ची, दोर अशी असतात. दोर काढून टाका. कीटकनाशकाची बाटली काढा, विहीर काढा. ज्या भागात प्रत्येक गावानं कर्जापायी गेलेला माणूस पाहिला आहे, तिथे या वस्तू साध्या राहिलेल्या नाहीत.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. माझ्या पहिल्या संचात पाठीवरचा फवारणी पंप मी साध्या गटात घातला होता. शेतात रोज दिसणारी वस्तू, असा विचार. एक ताई टोपी घालून बसल्या होत्या, तिशीतल्या, आधीची चित्रं शांतपणे पाहिलेल्या. पंप आला आणि त्यांचे हात गुडघ्यांवरून उठून पदराशी गेले. मला पडद्यावर आधी गळ्याच्या स्नायूंचा खडबडाट दिसला, मग त्या हळूच म्हणाल्या, "हे काढा बाई." मी लगेच थांबवलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते, हे मला माहीत होतं. वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्यांच्या घरात काय झालं होतं, ते विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती. ती चूक माझी होती. तेव्हापासून एकही चित्र मी गावातल्या माणसांनी आधी पाहिल्याशिवाय यंत्रापुढे नेत नाही.

पद्धत अशी ठेवा. अभ्यासात सहभागी होणार नाहीत अशी वीस-पंचवीस माणसं घ्या, बाया-पुरुष, म्हातारे-तरुण. त्यांना छापील चित्रं एकेक दाखवा आणि गुण द्यायला सांगा. सेल्फ-असेसमेंट मॅनिकिन नावाची, ब्रॅडली आणि लँग यांनी केलेली एक पट्टी आहे, तिच्यावर शब्दांऐवजी छोट्या माणसाची चित्रं असतात. ती वाचता न येणाऱ्यांनाही चालते, पण छातीत स्फोट झालेला माणूस पाहून काही जण विचारतात, याले काय झालं? मी पट्टीबरोबर तुरीचे पाच दाणे आणि एक वाटीही ठेवते. काहीच वाटलं नाही तर वाटी रिकामी, फार वाटलं तर पाचही दाणे वाटीत. म्हाताऱ्या माणसांचे गुण दाण्यांनी जास्त खरे येतात.

प्रश्नाचे शब्दही सांभाळा. चित्रानं माणूस किती हलला याला इंग्रजीत ॲराउझल म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकात भावनिक उत्तेजना. गावात बायांपुढे हा शब्द काढलात तर त्या पदराआड हसतील किंवा उठून जातील, कारण तिथे त्याचा एकच अर्थ आहे. "हे पाहून जीव किती हालला?" असं विचारा. आणि दुसरा प्रश्न, "चांगलं वाटलं का बेकार वाटलं?" पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यालाच "चांगलंच आहे जी" म्हणणारेही भेटतात. अशांना आधी दोन-तीन उघडउघड वाईट चित्रं दाखवून वाईट म्हणायची मुभा आहे हे कळू द्या.

गटात तीस-तीस चित्रं ठेवा, एकूण नव्वद. आनंदाच्या गटात माणसं दिसत असतील तर साध्या गटातही तेवढीच माणसं हवीत, नाहीतर लहर भावनेनं वाढली की नुसत्या माणसांच्या चेहऱ्यांनी, हे कधीच कळणार नाही. उजेडही जुळवा. फुटलेल्या कापसाचं शेत इतकं पांढरं असतं की डोळे आपोआप प्रतिसाद देतात. सगळ्या चित्रांची सरासरी प्रकाशमानता संगणकावर एकसारखी करून घ्या, आकार एकच ठेवा.

मरण, प्रेत, फास, रक्तबंबाळ अपघात: नाही. एलपीपी मोठी येईल म्हणून कोणाच्या जखमेवरची खपली काढायची नाही. एवढं करूनही कोणाला त्रास झालाच तर यंत्र बंद करून बसा, आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर ठळक छापलेला असू द्या.

हंगाम, खोली आणि लाईन

दिवस कोणते निवडता यावर निम्मा गोंगाट ठरतो. जूनपासून पेरणी, निंदण, डवरणी. दिवाळीच्या सुमारास वेचणी लागते ती पुढे चालते, मग तूर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि घामानं इलेक्ट्रोडखालची रेघ हळूहळू वाहत जाते. एलपीपी ही स्वतःच संथ लहर असल्यानं घामाची संथ लाट तिच्यातच मिसळते, गाळून काढता येत नाही. कोरडवाहू गावांत संक्रांतीनंतर ते होळीपर्यंतच्या सकाळी सगळ्यात बऱ्या.

ओलिताच्या गावात आणखी एक विचारा: "रात्री ओलिताले गेले होते काय?" शेतीची लाईन रात्रीची असली की माणूस हरभऱ्याला पाणी देऊन पहाटे घरी आलेला असतो. तो नाही म्हणणार नाही, येऊन बसेल, आणि दहाव्या चित्राला पेंगू लागेल. त्याला दोन दिवसांनी बोलवा.

खोली मातीच्या भिंतींची मिळाली तर उत्तम, थंडही राहते. गावातल्या डीपीपासून लांब असावी. आपल्याकडच्या विजेची पन्नास हर्ट्झची घरघर भिंतीतल्या वायरींमधून टोपीत येते. पहिल्या दिवशी माझ्या सगळ्या रेघा जाड दोऱ्यासारख्या दिसत होत्या, कारण शेजारच्या खोलीत कूलर चालू होता. लॅपटॉपचे चार्जर काढा, सगळं बॅटरीवर चालवा, खोलीचा मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरवर काम चालेल असं वाटतं, पण साध्या इन्व्हर्टरचा गोंगाट लाईनीपेक्षा वाईट असतो. मोबाईल बाहेर, तुमचाही. खिडकीला गोधडी लावा म्हणजे पडद्यावर ऊन पडणार नाही. भजनाचा भोंगा किती वाजता लागतो ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

टोपी

ज्यांना मिरगी आहे त्यांना या अभ्यासात घेऊ नका. मोतीबिंदू आहे का, चष्मा सोबत आणला का, झोपेची गोळी चालू आहे का, हे नोंदवा. तोंडात खर्रा असेल तर तो थुंकून, चूळ भरून मगच बसायचं. चघळताना कानशिलाचे स्नायू सतत चालतात आणि त्यांची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. शिवाय तंबाखूचा स्वतःचाही परिणाम असतोच, तेव्हा शेवटचा खर्रा किती वेळापूर्वी खाल्ला तेही लिहा.

केसांना तेल असतंच. आदल्या दिवशी निरोप द्या की उद्या तेल लावू नका, तरी निम्मी माणसं लावून येतात, कारण पाहुण्यांकडे कोरड्या केसांनी जायचं नसतं. चिडू नका. गरम पाणी, शाम्पूच्या पुड्या आणि स्वच्छ टॉवेल तिथेच ठेवा. तेवढ्यानं वीस मिनिटं जातात पण पुढचा तास वाचतो. बायांची टोपी बाईनंच घालायची, दार लोटून. डोक्यावरचा पदर उतरवणं ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही. अंबाडा सोडून वेणी मानेवर घ्यायला सांगा. कपाळाचं कुंकू पुसायला लावू नका, कपाळावरचा इलेक्ट्रोड थोडा बाजूला बसवता येतो.

आता टेप घ्या. नाकाचं मूळ, म्हणजे दोन भुवयांमध्ये जिथे खळगा लागतो, तिथपासून टाळूवरून मागच्या उंचवट्यापर्यंत मोजा. समजा ३६ सेंटिमीटर आलं. अर्ध्यावर, १८ वर, पेन्सिलनं ठिपका: हा सीझेड. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचाही मध्य तिथेच आला पाहिजे. तिथून मागे एकूण लांबीच्या वीस टक्के, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर पीझेड. दहा-वीस पद्धत म्हणतात ती याच दहा आणि वीस टक्क्यांमुळे, आणि ती १९५८ पासून जगभर चालत आली आहे. आपल्याला हवी असलेली लहर या दोन ठिपक्यांच्या आसपास सगळ्यात ठळक दिसते. बाजारात मिळणाऱ्या काही तयार हेडसेटांना डोक्याच्या मधल्या रेषेवर इलेक्ट्रोडच नसतात. विकत घेण्याआधी हे पाहा.

टोपी चढवून सीझेड आपल्या ठिपक्यावर आला का बघा. मग प्रत्येक इलेक्ट्रोडच्या भोकातून बोथट नळीनं केस गोल गोल फिरवून बाजूला सारायचे, कातडी दिसली पाहिजे, थोडी घासायची, मग जेल. नळी सुईसारखी दिसते म्हणून आधी स्वतःच्या तळहातावर घासून दाखवा आणि "टोचत नाही" हे त्यांना त्यांच्या हातावर पाहू द्या. जेल कमी पडलं तर संपर्क येत नाही. जास्त झालं तर शेजारच्या इलेक्ट्रोडला जाऊन मिळतं आणि दोन्हींवर एकच रेघ येते. पडद्यावर दोन रेघा जुळ्या बहिणींसारख्या चालताना दिसल्या की समजा जेलचा पूल झाला. टोपी काढून पुसून पुन्हा. संदर्भाचे, म्हणजे बाकीच्यांची वीज ज्यांच्या तुलनेत मोजायची ते, दोन इलेक्ट्रोड कानांमागच्या हाडावर. इम्पिडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेला होणारा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आणायचा प्रयत्न करा, चांगल्या ॲम्प्लिफायरला १० पर्यंतही चालतं.

सगळं बसलं की डोळे मिटायला सांगा. चार-पाच सेकंदांत डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाच्या आसपास गोलगोल लहरी यायला हव्यात. या अल्फा लहरी, बर्गरनं पहिल्यांदा वर्णन केलेल्या. डोळे उघडताच त्या विरतात. हे झालं तर यंत्र, टोपी आणि माणूस तिन्ही जागेवर आहेत. सत्तरीतल्या एका बाबाजींना मी हे पडद्यावर दाखवलं. ते डोळे मिटायचे, मग एक डोळा किलकिला करून लहर पाहायला जायचे आणि लहर गायब व्हायची. चार वेळा केलं. मग म्हणाले, "पाह्यलं का गेली, नाई पाह्यलं का आली." अल्फाचं याहून नेमकं वर्णन मी वर्गात कधी ऐकलेलं नाही. त्यानंतर ते अर्धा तास हलले नाहीत.

चित्रं दाखवणं

पडदा सत्तरेक सेंटिमीटरवर. आधी मधोमध एक फुली, सेकंद ते दीड सेकंद, दर वेळी थोडी कमी-जास्त म्हणजे मेंदू आधीच तयार होऊन बसत नाही. मग चित्र, दोन सेकंद. क्रम संगणकानं मिसळलेला. सायकोपाय हे फुकट सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. दर तीस चित्रांनी विश्रांती, पाणी. पापण्या मिटायच्याच असतात, फक्त शक्यतो फुलीच्या वेळी मिटा म्हणावं, फार बजावू नये. न मिटण्याकडेच लक्ष लागलं तर चित्र पाहायचं राहून जातं.

नवख्यांचा सगळ्यात लपून राहणारा घोटाळा वेळेचा आहे. चित्र पडद्यावर आलं तो क्षण ईईजीच्या नोंदीत खूण म्हणून उमटला पाहिजे. साधा पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होतो, म्हणजे सतरा मिलिसेकंदांची ओढाताण तिथेच आहे, आणि बिनतारी यंत्रात ती याहून बरीच मोठी आणि दर वेळी वेगळी असू शकते. गावात जाण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यात फोटोडायोड (उजेड टिपणारा छोटा भाग) चिकटवून शंभर वेळा तपासा. उशीर कायम सारखा असेल तर तो वजा करता येतो. हलता असेल तर त्या यंत्रावर हा अभ्यास करू नका.

गुण देणं चित्रांच्या फेरीनंतर वेगळं घ्या. शेवटची पाच चित्रं कायम आनंदाची, मोजणीत न धरायची. कोणीही बोंडअळीचं चित्र डोळ्यांसमोर घेऊन घरी जाऊ नये.

नंतरचं काम

हे शिकवणारे धडे भरपूर मिळतात, म्हणून थोडक्यात. सॉफ्टवेअर ईईजीलॅब किंवा एमएनई-पायथन, दोन्ही मोफत. ०.१ ते ३० हर्ट्झची गाळणी. खालची मर्यादा वाढवून १ हर्ट्झवर नेऊ नका, रेघा सुंदर दिसतात पण एलपीपीच वाहून जाते. पापण्यांची हालचाल आयसीए पद्धतीनं (मिसळलेले संकेत सुटे करण्याचं गणित) वेगळी करा. मग चित्राच्या २०० मिलिसेकंद आधीपासूनचे तुकडे कापा, तो आधीचा भाग शून्य धरा, ±१०० मायक्रोव्होल्टच्या बाहेर गेलेले तुकडे टाकून द्या. एका गटात वीसपेक्षा कमी तुकडे उरले तर तो माणूस त्या विश्लेषणात धरू नका. पीझेड आणि सीझेडवर ४०० ते ८०० मिलिसेकंदांची सरासरी काढा. वेळेची कोणती खिडकी आणि कोणते इलेक्ट्रोड, हे आकडे पाहण्याआधी लिहून तारीख टाकून ठेवा. नंतर जिथे फरक दिसतो तिथे खिडकी सरकवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

फाईलला नाव देऊ नका, सांकेतिक क्रमांक द्या. गाव लहान असतं. वय, जात, शेतीचे एकर आणि बाळंतपणं एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो.

टोपी त्याच दिवशी कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुवा, निर्जंतुक करा, सावलीत वाळवा. जेल वाळलं की इलेक्ट्रोड खरवडावे लागतात, आणि खरवडलेला इलेक्ट्रोड पुन्हा तसा राहत नाही.

परत गावात

"माह्या डोक्यात काय दिसलं मंग?" हा प्रश्न येणारच. खरं तेच सांगा: एकट्याच्या पट्टीवरून आजार किंवा स्वभाव कळत नाही, सगळ्यांची मिळून सरासरी काढल्यावर काही कळेल. अल्फाचा एक छापील तुकडा मात्र प्रत्येकाला द्या. लोक तो जपून ठेवतात.

विश्लेषण झालं की एक संध्याकाळ समाजमंदिरात मोठ्या कागदावर तिन्ही गटांच्या लहरी काढून दाखवा आणि चित्रंही पुन्हा मांडा. आमच्या एका गावात साध्या गटातलं एक चित्र सरासरीपेक्षा सारखं वर येत होतं: अंगणातली रिकामी बाज. मी ते चित्राच्या रंगावर ढकललं होतं. बैठकीत एका वहिनींनी ते उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "अशी उभी करून ठेवलेली बाज कोणी गेल्यावर राह्यते." मी पुन्हा फोटो पाहिला. बाज भिंतीला टेकवून उभी होती. तुमच्या संचातलं असं चित्र सापडलं की ते पुढच्या फेरीतून काढा, आणि ज्यानं कारण सांगितलं त्याच्याच शब्दांत ते चित्राच्या क्रमांकापुढे वहीत लिहा.